मुक्तेश्वरची प्रयोगशाळा आणि बुळकांडीचा अंत

आज साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला बुळकांडी म्हटले की लगेच समजते. त्याच्या नातवंडांनी हे नावही ऐकलेले नसते. दोन पिढ्यांच्या अंतरात एक रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्यामागे सव्वाशे वर्षांचे काम आहे. त्या कामाचा मोठा भाग कुमाऊंच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाला, आणि त्या प्रयोगशाळेचा जन्म पुण्यात झाला होता.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. बैलाला ताप भरतो. तो वैरण सोडतो, रवंथ थांबतो. डोळ्यांतून आणि नाकातून आधी पाणी, मग घट्ट पुवासारखा स्राव येऊ लागतो. दोन-तीन दिवसांत हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली कोंडा चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. ते खरवडले की खाली लालभडक चट्टे. तोंडाला असह्य दुर्गंधी. मग ढाळ सुरू होतात, पाण्यासारखे आणि पुढे रक्ताचे. डोळे खोल जातात, कातडी हाडांना चिकटते आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर संपते. जनावर वाचले तर त्याला हा रोग पुन्हा कधी होत नसे. पुढच्या साऱ्या संशोधनाचा धागा याच गोष्टीत होता.

रोग पसरे तो आजारी जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून. एका पाणवठ्यावर, बाजारात किंवा गाड्यांच्या तळावर एक आजारी बैल आला की पंचक्रोशी साफ होई. शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल म्हणजे नांगर, मोट, गाडी आणि खत. पेरणीच्या तोंडावर दावण रिकामी झाली की त्या वर्षाची शेती बुडाली, आणि नव्या बैलजोडीसाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागले. माणसांच्या साथीची नोंद इतिहासाने ठेवली. जनावरांच्या साथीने किती घरे कर्जात घातली याचा हिशेब कोणी मांडला नाही.

इंग्रज सरकारला या रोगाची दखल घ्यावीशी वाटली, त्याला रयतेचा कळवळा हे पहिले कारण नव्हते. १८६५ मध्ये हाच रोग आयात गुरांबरोबर इंग्लंडमध्ये शिरला आणि दोन वर्षांत तिथे लाखो गुरे मेली. रोग काय करू शकतो हे लंडनच्या राज्यकर्त्यांनी घरच्या अंगणात पाहिले. इकडे हिंदुस्थानात लष्कराचा सारा डोलारा घोडे, खेचरे आणि सामानाचे बैल यांच्यावर उभा होता, आणि जमीन महसूल अखेर बैलाच्याच खांद्यावरून येत होता. म्हणून १८६०च्या दशकाच्या अखेरीस गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जे. एच. बी. हॅलन हे लष्करी पशुवैद्य होते. १८६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या लष्करी पशुवैद्यकीय शाळेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. गुरांच्या साथींचा शास्त्रीय अभ्यास झाला पाहिजे आणि त्यासाठी शिकलेली माणसे तयार झाली पाहिजेत, असा त्याचा रोख होता.

अहवालानंतर अठरा वर्षे गेली. मध्ये दख्खनचा १८७६ ते १८७८चा दुष्काळ झाला. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिले की जंगल खात्याने चराईची राने हिरावून घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांची उपासमार होते. अशी अर्धपोटी जनावरे साथीपुढे कशी टिकणार? मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, पण ते उपचार शिकवण्यासाठी. रोगाचे मूळ शोधणारी संस्था अजून नव्हती.

ती आली ९ डिसेंबर १८८९ रोजी, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. हेच पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे तिचे नाव होते आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांना जेमतेम दशक उलटले होते; जंतूमुळे रोग होतो हा विचार युरोपातही नवा होता. अशा वेळी पुण्यात केवळ जनावरांच्या रोगांसाठी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघावी ही लहान गोष्ट नव्हे. सुरुवातीच्या कामावर मात्र लष्कराची छाप स्पष्ट दिसते. लिंगार्ड यांनी बरेच श्रम घोड्यांच्या सर्रा रोगावर घेतले. ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबातल्या घोड्यांच्या रक्तात या रोगाचा परजीवी पाहिला होता आणि घोडदळाला त्याची धास्ती होती. शेतकऱ्याच्या बैलाचा नंबर त्यानंतर.

पुण्यात ही प्रयोगशाळा चारच वर्षे राहिली. बुळकांडीवर काम करायचे म्हणजे जिवंत, जहाल रोग गोठ्यात पाळायचा. भोवताली शहर, छावणी, दूधवाल्यांचे गोठे आणि आठवड्याचे बाजार असताना ते करणे म्हणजे साथीला आमंत्रण देणे. शिवाय दख्खनचा उन्हाळा अशा नाजूक कामाला सोयीचा नव्हता. थंड, एकांतातली, भोवती रान असलेली जागा हवी होती. ती नैनितालच्या पलीकडे मुक्तेश्वरला सापडली आणि १८९३ मध्ये बिऱ्हाड तिकडे हलले.

मुक्तेश्वर म्हणजे शंकराच्या जुन्या देवळाची टेकडी, भोवती ओक आणि देवदारांचे जंगल, समोर नंदादेवी आणि त्रिशूळची बर्फाची रांग. आगगाडी काठगोदामपर्यंत. पुढची चढण पायी, खेचरावर किंवा हमालांच्या पाठीवर. सूक्ष्मदर्शक, काचेची भांडी, रसायने, सारे असेच वर गेले. जंगल किती दाट होते याची साक्ष जिम कॉर्बेटने दिली आहे. त्याने मारलेल्या नरभक्षकांपैकी एक वाघीण याच परिसरातली, आणि तिची गोष्ट सांगताना त्याने या संस्थेचाही उल्लेख केला आहे. एका बाजूला वाघाची भीती आणि दुसऱ्या बाजूला गोठ्यात मुद्दाम राखलेला रोग, अशा ठिकाणी ही माणसे वर्षानुवर्षे राहिली.

या जागेचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. कुमाऊंची डोंगरी गुरे बुळकांडीला फार लवकर बळी पडत. मैदानातली देशी गुरे त्या मानाने काटक. शतकानुशतके साथी सोसून त्यांच्यात थोडी सहनशक्ती आली होती. एखादे औषध किंवा लस खरोखर काम करते का हे तपासायचे तर कमजोर जनावरावरच तपासले पाहिजे, नाहीतर जनावर लसीने वाचले की आपल्या काटकपणाने, हे कळणार कसे? डोंगरी बैलांनी हे उत्तर दिले. त्यासाठी हजारो बैलांचा जीव गेला, हेही नोंदवले पाहिजे.

१८९७ मध्ये मुक्तेश्वरला मोठा पाहुणा आला. त्या वर्षी मुंबई आणि पुण्यात माणसांच्या प्लेगने थैमान घातले होते आणि जर्मन सरकारच्या प्लेग आयोगाबरोबर रॉबर्ट कॉख मुंबईत आले होते. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवरच काम करत होते. आफ्रिकेत हा रोग १८८७च्या सुमारास, बहुधा हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर, शिरला आणि दहा वर्षांत इथिओपियापासून केपपर्यंत पोहोचला. कित्येक भागांत दहांतली आठ-नऊ गुरे मेली आणि पशुपालक जमातींवर उपासमार ओढवली. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचून त्याला सुरक्षित करण्याची रीत कॉख यांनी तिथे बसवली होती. लिंगार्ड यांच्या निमंत्रणावरून कॉख आणि आयोगातले गाफ्की व फायफर असे तिघे मुक्तेश्वरला गेले. पित्ताची रीत पुढे मागे पडली, कारण एका मेलेल्या जनावराच्या पित्तातून मोजकीच जनावरे टोचून होत आणि कधी कधी टोचण्यानेच रोग लागे.

तिची जागा रक्तजलाने घेतली. लिंगार्ड यांच्या गैरहजेरीत काम पाहणारे डॉक्टर लिओनार्ड रॉजर्स यांच्या काळात, १८९९ मध्ये, मुक्तेश्वरला ते तयार होऊ लागले. त्याच सुमारास आगीत मुख्य इमारत जळाली, तरी काम थांबले नाही. रोगातून वाचलेल्या बैलाला पुन्हा पुन्हा रोगट रक्त मोठ्या प्रमाणात टोचायचे, त्याच्या शरीरात प्रतिकारद्रव्ये पुरेशी साठली की मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, ते गोठू द्यायचे आणि वर सुटलेले पिवळसर पाणी गाळून, ते टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्यांत भरायचे. गावात साथ आली की या बाटल्या खेचरावरून काठगोदामला आणि तिथून रेल्वेने देशभर जात. काम एवढे वाढले की बरेलीजवळ खाली मैदानात शाखा काढावी लागली; १९१३ मध्ये ती इज्जतनगरला स्थिरावली. जे. डी. ई. होम्स यांच्या कारकिर्दीत रक्तजलाची प्रत आणि प्रमाण दोन्ही सुधारले.

पण रक्तजलाची मर्यादा लवकरच कळली. बाहेरून दिलेली प्रतिकारशक्ती काही दिवसांत उतरते. मग ‘दुहेरी टोचणी’ आली, म्हणजे एका बाजूला जिवंत रोगट रक्त आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला रक्तजल. जनावराला सौम्य रोग होई आणि ते जन्मभरासाठी सुरक्षित होई. हे खर्चिक होते, आणि त्यात धोकाही होता. रोगट रक्ताबरोबर गोचिडांच्या तापाचे परजीवीही टोचले जात आणि बुळकांडीतून वाचलेला बैल त्याच्याने मरे. शेतकऱ्याने अशा टोचणीवर विश्वास का ठेवावा? सरकारी अहवालांत शेतकऱ्याच्या ‘अज्ञाना’ची तक्रार दिसते. मला तरी त्याचा संशय रास्त वाटतो.

ही गाठ सोडवली जे. टी. एडवर्ड्स यांनी. १९२१ पासून ते संस्थेचे प्रमुख होते. त्यांची सुरुवातीची अपेक्षा साधी होती. गुरांच्या रक्तातले परजीवी शेळीत जगत नाहीत, म्हणून बुळकांडीचा विषाणू शेळीत वाढवला तर तो त्या भेसळीतून सुटेल. एका शेळीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या शेळीत असा विषाणू शेकडो वेळा फिरवला गेला. परजीवी गेलेच, पण विषाणूही बदलला. शेळीला सरावलेला तो विषाणू बैलाला दिला की थोडा ताप येई, बैल मरत नसे आणि पुढे त्याला बुळकांडी होत नसे. रक्तजलाची गरजच उरली नाही. १९२७च्या सुमारास लागलेला हा शोध या संस्थेने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे. शेळीची प्लीहा वाटून, वाळवून कुपीत भरलेली ही लस पुढे आफ्रिकेतही पोहोचली. रक्तजलाच्या मानाने तिचा खर्च अगदी किरकोळ होता. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८च्या अहवालात बुळकांडीचा गंभीरपणे विचार केला, तेव्हा प्रथमच तिला देशभर आवर घालण्याची भाषा करता आली.

स्वातंत्र्यानंतर संस्थेच्या नावातले ‘इम्पीरियल’ जाऊन ‘भारतीय’ आले आणि ती भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. तेव्हा दरवर्षी देशात बुळकांडीच्या आठ हजारांच्या आसपास साथी येत आणि सुमारे दोन लाख जनावरे मरत. १९५४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि दोन वर्षांनी देशभर राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत शंभरातली ऐंशी मोठी गुरे टोचायची, असे उद्दिष्ट ठेवले गेले. गुरांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस बर्फाचे थर्मास घेऊन सायकलवर, बैलगाडीने, पायी गावोगाव फिरले. देवळापुढच्या मोकळ्या जागेत गुरे आणली जात आणि एकेक धरून टोचली जात. दशकभरात साथींची संख्या काही शेकड्यांवर आली. सरकारी कामावर सहज टीका करणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी लक्षात घ्यावा.

आणि इथेच सगळे अडकले. पुढची पंचवीस-तीस वर्षे रोग ना वाढला, ना संपला. दरवर्षी कोट्यवधी डोस टोचले जात, आकडे वर पाठवले जात आणि कुठे ना कुठे, विशेषतः दक्षिणेच्या राज्यांत, बुळकांडी पुन्हा डोके काढी. लसीत दोष नव्हता. शेळीची लस संकरित गायींना झेपत नसे, पण त्यालाही उपाय निघाला होता. केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लॉराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली सौम्य लस १९६०च्या सुमारास तयार केली होती. ती सगळ्या जातींच्या गुरांना चालत होती आणि भारतातही बनू लागली. चूक विचारात होती. टोचलेल्या जनावरांची मोजणी होत होती, पण रोग नेमका कुठे लपला आहे याचा शोध होत नव्हता. टोचणीमुळे रोग सौम्य दिसू लागला की लोक त्याला लाळ-खुरकूत समजत. कळप एका राज्यातून दुसऱ्यात जात आणि रोगही त्यांच्याबरोबर जाई.

या गोंधळात आणखी एक सोंग होते. दक्षिणेत शेळ्या-मेंढ्यांत बुळकांडीसारखीच लक्षणे दिसत: ताप, नाकातून स्राव, तोंडात चट्टे, ढाळ. वर्षानुवर्षे ही शेळ्यांतली बुळकांडीच समजली गेली. १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या एका साथीचे नमुने तपासल्यावर पुढे सिद्ध झाले की हा वेगळा, पण नात्यातला विषाणू आहे. त्याला आपण आता पीपीआर म्हणतो. म्हणजे बुळकांडी म्हणून नोंदल्या गेलेल्या काही साथी बुळकांडीच्या नव्हत्याच. माझ्या मते साऱ्या इतिहासातले खरे वळण इथे आहे. जोवर प्रयोगशाळा लस बनवण्याचा कारखाना होती, तोवर रोग मागे हटला पण संपला नाही. तीच प्रयोगशाळा निदानाचे केंद्र झाली, तेव्हा तो संपू शकला.

युरोपीय समुदायाच्या मदतीने १९९२ मध्ये नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि त्याची पद्धत वेगळी होती. गावोगाव जाऊन विचारपूस, गुरांच्या बाजारात आणि कळपांच्या वाटांवर शोध, संशयित जनावराच्या डोळ्यांतला स्राव आणि रक्त यांचे नमुने राज्याच्या प्रयोगशाळेत, तिथून शंका उरली तर मुक्तेश्वरच्या संदर्भ प्रयोगशाळेत. एलायझा या चाचणीमुळे एका वेळी अनेक नमुने तपासता येऊ लागले. बुळकांडी आणि पीपीआर यांच्यातला फरक निश्चित सांगता येऊ लागला. निकाल वेळेत हाती आल्याने साथ नेमकी कुठे कोंडायची हे कळू लागले. १९९५ मध्ये तमिळनाडूत देशातली शेवटची साथ नोंदली गेली.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत कठीण होता: टोचणी बंद करणे. टोचलेल्या आणि रोगातून उठलेल्या, दोन्ही जनावरांच्या रक्तात तीच प्रतिकारद्रव्ये सापडतात. त्यामुळे टोचणी चालू असेपर्यंत रोग संपला हे सिद्धच करता येत नाही. पण टोचणी थांबवली आणि कुठे ठिणगी उरली असेल, तर कोट्यवधी गुरे उघडी पडणार. चाळीस वर्षे ज्यांनी टोचण्यालाच काम मानले, त्यांना हात आवरायला सांगणे सोपे नव्हते. टप्प्याटप्प्याने टोचणी थांबली आणि ती थांबल्यानंतर जन्मलेल्या वासरांचे रक्त तपासले गेले. ते स्वच्छ निघाले. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००४ मध्ये भारत बुळकांडी रोगापासून आणि २००६ मध्ये संसर्गापासूनही मुक्त झाल्याचे मान्य केले. जगातला शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियात एका रानटी म्हशीत आढळला होता. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. माणसांच्या देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग, आणि जनावरांचा पहिला.

निदानाच्या या अनुभवाचा उपयोग कुठे झाला हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. संस्थेच्या भोपाळ केंद्रात अतिधोकादायक रोगांसाठी कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा उभी राहिली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या भराभर मरू लागल्या, तेव्हा नमुने तिथेच गेले आणि १८ फेब्रुवारीला देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू निश्चित झाला. नवापूरच्या कुक्कुटपालकांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. लाखो पक्षी मारावे लागले. पण रोगाचे नाव काही दिवसांत कळले, म्हणून त्याला तिथे घेरता आले. ही प्रयोगशाळा पुढे, २०१४ मध्ये, स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली.

मुक्तेश्वरला काम थांबलेले नाही. बुळकांडीशी गल्लत होणाऱ्या पीपीआरवर तिथल्या शास्त्रज्ञांनी हिमाचलमधल्या सुंगरी इथे मिळालेल्या विषाणूपासून लस तयार केली. तिची एक टोचणी शेळ्या-मेंढ्यांना कित्येक वर्षे सुरक्षित ठेवते. जगातून पीपीआर संपवण्यासाठी २०३० ही मुदत ठरलेली आहे. मराठवाड्यातली चार-पाच शेळ्यांवर घर चालवणारी बाई आणि माणदेशातला मेंढपाळ यांचा यात थेट संबंध आहे. त्यांच्या कळपात टोचणी पोहोचते का, आणि एखादी शेळी तोंडात चट्टे पडून मेली तर तिचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत जातो का, यावर ती मुदत पाळली जाईल की नाही हे ठरणार आहे.